एका ओळीने सरकलेली ज्वारी

विमलताई,

तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मला आधी हायसं वाटलं, रडू नंतर आलं. असं लिहायचं नसतं हे मला माहीत आहे. पण ‘कधीही न भरून येणारी पोकळी’ वगैरे लिहिलं असतं तर तुम्ही वरून ओरडला असतात. वरून म्हटलेलंही तुम्हाला चाललं नसतं म्हणा, कारण वर कुणी नसतं असं तुमचं मत. कुणाच्याही शोकसभेतून परत आलात की पदर खोचत म्हणायचात, “जिता व्हता तवर बसायला खुर्ची दिली न्हाई, आन् आता पोकळी पोकळी करायलेत.” तेव्हा पोकळी राहू दे. शेवटच्या महिन्यात तुम्हाला कुशीवर वळताना पाहणं माझ्याच्यानं होत नव्हतं. डाव्या कुशीवर दुखायचं, उजव्या कुशीवर दम लागायचा, आणि या दोन्हींच्या मध्ये तुम्ही विचारायचात की केंद्रात नवीन संगणक आला का. ते दुखणं थांबलं. बरं झालं थांबलं.

हायसं वाटायला दुसरंही कारण आहे. ते तुम्हाला माहीत आहे, पण हे पत्र केंद्रातले लोक वाचतील आणि त्यांना अर्धंच माहीत आहे. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

गंगाखेड रस्त्यावरच्या आपल्या ज्वारी संशोधन केंद्रात संगणक आला तोच मुळात दानात आला. मुंबईतल्या कुणाला तरी तो जुना झाला होता. कपाटाएवढं मशीन, चार पडदे, एक कर्कश प्रिंटर, आणि आत युनिक्स. केंद्राच्या प्रमुख साहेबांनी नारळ फोडला आणि विचारलं, “आता याचं करायचं काय?” तुम्ही संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या, चारठाण्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळामास्तरांची मुलगी. मी सोनपेठचा, बागायतदाराचा पोरगा, बी.एस्सी. आणि वर सहा महिन्यांचा संगणकाचा कोर्स. तुमच्याकडे ज्ञान होतं आणि माझ्याकडे तोरा. जोडी जमली.

आपल्या कारकुनांना इंग्रजी शब्दांच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिता येईनात, म्हणून तुम्ही त्यांच्यासाठी एक छोटी भाषा बांधली. नाव ठेवलं तिफण, पेरणीच्या अवजाराचं. घे, मांड, जोड, लाव, छाप. रोमन अक्षरांत टाइप करायचं, पण बोलायचं मराठीत. कारकुनानं एक ओळ लिहावी, आपल्या प्रोग्रॅमनं ती वाचून चालवावी, मग पुढची. हे चालवणारं सगळं यंत्र तुम्ही एकटीनं लिहिलंत. मला एकच कोपरा दिलात: चालू असलेलं काम मध्येच थांबवायचं झालं तर कसं थांबवायचं.

मला तेव्हा तो कोपरा फार किरकोळ वाटला होता. पडद्यासमोर बसलेल्यानं थांबवायचं बटण दाबलं की युनिक्स आपल्या प्रोग्रॅमला एक इशारा पाठवतं, त्याला सिग्नल म्हणतात. तो कधीही येतो. प्रोग्रॅम त्या क्षणी काय करतोय हे तो विचारत नाही. आपण काही सांगून ठेवलं नसेल तर प्रोग्रॅम जागच्या जागी मरतो. सांगून ठेवलं असेल तर मशीन हातातलं काम आहे तिथे सोडतं, आपण सांगितलेला तुकडा चालवतं आणि परत येतं. त्या तुकड्याला हँडलर म्हणतात. हँडलरमध्ये काय करायचं यावर आपण पहिल्या आठवड्यात जे भांडायला लागलो ते काल-परवापर्यंत.

मी म्हणत होतो, इशारा आला की सगळं तिथंच आवरावं: फाइल लिहावी, बंद करावी, मोकळं व्हावं. तुम्ही खडू टेबलावर ठेवलात.

“ज्ञानोबा, तू गंगाखेडच्या यष्टीनं जातोस न्हवं? गाडी पुलावर आली आन् कंडक्टरनं घंटी मारली, तर ड्रायव्हर तिथंच करकचून थांबवतो का?”

“न्हाई.”

“कामून?”

“पुलावर उतरून माणूस जाईल कुठं?”

“मग? घंटी झाली एवढं ध्यानात ठेवतो, पूल वलांडतो, आन् बाजूला घेतो. आपल्या हँडलरनं बी तेवढंच करायचं. एक खूण लावून ठेवायची. बाकी कशाला हात लावायचा न्हाई. चालू ओळ पुरी झाली की माझा प्रोग्रॅम खूण बघंल आन् सवडीनं थांबंल.”

“आन् पूलच पाच मैलांचा असला तर?”

हे मी नुसतं तोंडाला तोंड म्हणून बोललो नव्हतो. शेतावरच्या चाचण्यांचे सगळे प्लॉट उत्पन्नाच्या उतरत्या क्रमानं लावायची ‘लाव’ची एक ओळ त्या मशीनवर वीस मिनिटं चालायची. आपल्या एका कारकुनानं ती चुकून सुरू केली आणि थांबवायचं बटण अकरा वेळा दाबलं. तुमच्या हिशेबानं अकरा वेळा दाबलं तरी खूण एकच. पडद्यावर काही हलेना, म्हणून त्यानं सरळ भिंतीतला प्लग ओढला. मी तुमच्याकडे असं पाहिलं की जणू मी निवडणूक जिंकलो. तुम्ही म्हणालात, “बरं, पुलावर बी खूण बघायच्या जागा करू. एकेक प्लॉट पुरता सरकला की बघायचं.” ते करायचं ठरलं आणि कामाच्या रगाड्यात राहून गेलं.

राहून गेलेल्या त्या कामात मी माझी हौस घुसवली. लाईट गेली की मशीन बॅटरीवर दहा मिनिटं तग धरायचं. जनरेटर आणि बॅटऱ्या सांभाळणारे रशीदभाई तेव्हा मुख्य पडद्यावरून चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमना ‘आता संपवा’ असा इशारा पाठवायचे. मी म्हटलं, इथे तरी वीस मिनिटं थांबायला वेळ नाही. त्या इशाऱ्यापुरता मी हँडलर तुम्हाला न विचारता बदलला. इशारा आला की समोरचा तक्ता जसा असेल तसा जुन्या फाइलवर लिहून टाकायचा. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. तुम्हाला दाखवायचं म्हणून ठेवलं आणि दाखवलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात रब्बीच्या चाचण्यांचे आकडे ‘लाव’वर चालू असताना लाईट गेली. रशीदभाईंनी इशारा पाठवला. मशीन नीट बंद झालं, संध्याकाळी नीट सुरू झालं, फाइल शाबूत होती. प्लॉटची संख्या बरोबर, उत्पन्नाची बेरीज बरोबर. तुम्ही बेरीज पडताळली, क्रमवारी छापली, सही केली आणि अहवाल वर गेला.

दोन महिन्यांनी शेतावरच्या लोकांनी विचारलं, जे वाण रानात गुडघ्याएवढं राहिलं ते कागदावर पहिलं कसं? मग सगळ्यांनी कागद उलगडला. वरच्या चाळीसेक ओळींत प्रत्येक वाणाच्या नावासमोर शेजारच्याचं उत्पन्न होतं. सगळं एका ओळीनं सरकलेलं. बेरीज बरोबर यायचीच, आकडे तेच होते, मालक बदलले होते.

असं सरकलेलं दिसलं की कुणीही म्हणणार, क्रम लावणाऱ्या भागात मोजायला एक चुकलं. तो भाग तुमचा. सहीही तुमची. साहेबांनी मेमो दिला, ‘अक्षम्य हलगर्जीपणा’. मेमो बंद पाकिटात देता आला असता. त्यांनी तो मशीनच्या खोलीत सगळ्यांसमोर दिला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, “जागा भरायची म्हणून भरली की असंच होतं.” ते विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. कुठल्या जागेबद्दल बोलायलेत हे तिथे न कळलेला माणूस एकही नव्हता. रशीदभाई उठून बाहेर गेले. मी पडद्याकडे पाहत बसलो. तुम्ही पाकीट घेतलंत आणि म्हणालात, “मी शोधते, साहेब.”

शोधत बसलात. गणपतीच्या सुमारास तुम्ही ‘लाव’ नव्यानं लिहून काढलंत. जुन्यात काय चुकलं ते सापडलं नाही तरी. आणि दिवाळीच्या सुट्टीत मी सोनपेठला युनिक्सचं जाडजूड पुस्तक वाचत पडलो असताना मला ते दिसलं. हँडलरमधून अर्धवट हलवलेल्या गोष्टींना हात लावू नका, असं त्यात सरळ लिहिलं होतं. तुमचा तक्ता दोन रांगांत असायचा, एक नावांची, एक उत्पन्नाची. ‘लाव’ आधी नावं सरकवायचं, मग उत्पन्न. नावं सरकून झाली आणि उत्पन्न सरकायचं होतं, नेमकी तेव्हा लाईट गेली. आणि माझ्या हुशार हँडलरनं तो अर्धा सरकलेला तक्ता चांगल्या फाइलवर लिहून टाकला. पुस्तक मी छातीवर पालथं ठेवलं. आईनं दोनदा फराळाला हाक मारली.

सुट्टीवरून आल्यावर मी ते दुरुस्त केलं. फाइल लिहायची ओळ काढली, खूण लावायची ओळ घातली, आणि खूण बघायच्या जागा केल्या, आपलं ठरलं होतं तशा. कुणाला सांगितलं नाही. मी तेव्हा कायम झालो नव्हतो, मार्चमध्ये कागद निघायचा होता. मनाशी म्हटलं, कायम झालो की सांगू. मग झालो कायम. मग म्हटलं, ताई आता विसरल्या असतील, कशाला खपली काढायची. मग घरी लग्न, मग मुलगी, मग तुमचं आजारपण. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात सहा वर्षं दिवस होता. पुढे तसा गोंधळ पुन्हा झाला नाही आणि तुम्ही समजलात की नव्या ‘लाव’नं तो गेला, म्हणजे जुन्यात तुमचंच काही चुकलं होतं. त्यानंतर तुम्ही नवीन काही लिहिलं नाहीत. इतरांचे आकडे तीन-तीनदा हातानं तपासत राहिलात. तिफणमध्ये नवे शब्द घालायचे होते, त्यांची यादी ड्रॉवरमध्ये पडून होती.

जानेवारीत विद्यापीठाला नवं नाव मिळाल्याची बातमी रेडिओवर लागली तेव्हा मी तुमच्या घरी आलो होतो. तुमच्या आई उशाशी बसल्या होत्या, डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. तुम्ही म्हणालात, “माझ्या डिगरीवर जुनंच नाव हाय. आता पुन्ना परीक्षा द्यावी लागती का काय?” चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा रंग होता. मला वाटलं आज सांगावं. आणि त्याच क्षणी वाटलं, आज नको, आजचा दिवस कशाला नासवायचा. पुढे आठवडा गेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता दिवस मोजायचे. दुसऱ्या दुपारी आई दळण आणायला गेल्या होत्या, तेव्हा बोललो.

“ताई, ती ज्वारी तुमच्या ‘लाव’नं सरकली न्हवती. माझ्या हँडलरनं सरकली.”

तुम्ही विचारलंत, “दुरुस्त कवा केलंस?”

“त्याच दिवाळीत.”

“आन् मी ‘लाव’ लिहिलं ते गणपतीत. म्हणून मला वाटलं मीच नीट केलं.” मग तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत, दुखऱ्या कुशीवर. “जा आता. उद्या कागद घेऊन ये.”

त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, तुम्ही आता माझं तोंड बघणार नाही. दुसऱ्या दिवशी आलो तर तुम्ही दोन उशांना टेकून बसला होतात, कानावर पेन्सिल. प्रिंटरचा तो लांबलचक कागद मी गोधडीवर पसरला. तुम्हाला दहा मिनिटं लागली. बोट ठेवलंत ते बरोबर त्या ओळीवर, आणि हसायला लागलात. हसताना दुखत होतं, पोटाला हात धरून हसत होतात.

“सा वर्सं, ज्ञानोबा. सा वर्सं मी ते ‘लाव’ मनात चालवून बगायले. भाजी निवडताना, यष्टीत, दवाखान्याच्या बाकड्यावर. चूक सापडंचना. मला वाटलं माझीच अक्कल कमी पडायली.” मग हसू गेलं. “साहेब म्हणला ते खरं असंल, असं बी वाटलं एक-दोनदा.”

ताई, तुम्ही शिव्या दिल्या असत्यात तर मी त्या झेलल्या असत्या. हे मला झेलता आलं नाही. मी तुमच्या पायाशी बसून रडलो आणि तुम्ही मला सावकाश रडू दिलंत. मग पेन्सिल उचलून भांडायला सुरुवात केलीत. म्हणे, दोन्ही रांगा सरकेपर्यंत इशाऱ्याला दाराबाहेर थांबवून ठेवायची सोय युनिक्समध्ये आहे, ती तुम्ही वापरायला पाहिजे होती, म्हणजे थोडी चूक तुमचीही. मी म्हटलं, न्हाई ताई, ह्यात वाटणी नको. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतंय. ते भांडण तिथेच राहिलं. मला अजूनही वाटतं की मी बरोबर आहे.

निघताना तुम्ही विचारलंत, “हे चार लोकांत बोलशील का?”

“बोलतो.”

“कवा?”

“योग्य वेळ बघून.”

“खूण तर लावलीस,” तुम्ही म्हणालात, “बघणार कवा?”

चार दिवसांनी तुम्ही गेलात. त्या चार दिवसांत तुम्हाला झोप लागायची, असं आई सांगतात. पेन्सिल उशाखाली होती आणि ड्रॉवरमधली ती शब्दांची यादी तुम्ही मागवून घेतली होती. त्यावर तीन नवे शब्द लिहिलेले आहेत, अक्षर वाकडं, पण वाचता येतं. तुम्ही जाताना तुमची अक्कल तुमच्याकडे परत आली होती. माझं हायसं वाटणं हे आहे. माफ केलंत का, हे मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाही. ते आता तसंच राहील.

शोकसभा मशीनच्या शेजारच्या हॉलमध्ये झाली. तुमचा फोटो, हार, मेणबत्त्या. आई पहिल्या रांगेत, पांढरं लुगडं, हात मांडीवर. साहेब बोलायला उभे राहिले. पोकळी आलीच. मग म्हणाले, “माणूस म्हटला की चूक होते. त्या ज्वारीच्या आकड्यांचं तसं झालं. पण आम्ही ते कधी मनात ठेवलं नाही. बाई मनानं फार—”

मी उठलो. ठरवून उठलो नव्हतो.

“साहेब, ती चूक ताईंची नव्हती. माझी होती.”

“ज्ञानोबा, बसा. ही वेळ नाही.”

“सहा वर्षं वेळच बघत होतो, साहेब.”

आणि उभ्यानं सगळं सांगितलं. हँडलर, लाईट, दोन रांगा, दिवाळी, मार्चमधला कागद. अर्ध्या लोकांना हँडलर कळला नसेल, मार्चमधला कागद सगळ्यांना कळला. साहेबांचा चेहरा हारातल्या झेंडूसारखा झाला होता. मी म्हटलं, मेमो त्यांच्या फायलीतून काढा आणि माझ्या फायलीत लावा. ते म्हणाले, मयत माणसाच्या फायलीतून कागद काढायचा नियम नाही. मागून रशीदभाई म्हणाले, “नियम नसंल तर बनवा साहेब, मेमो देताना कुठला नियम बगितला होता?” साहेब खाली बसले. दोन मिनिटं शांतता पाळायची राहून गेली होती, ती मग आपोआप पाळली गेली.

लोक पांगल्यावर मी आईंपुढे जाऊन उभा राहिलो. त्या माझ्याकडे बघत होत्या, रागानं की कशानं ते मला सांगता येणार नाही.

“दर शनवारी हापिस सुटलं की माझ्या घरी जेवून जायचास,” त्या म्हणाल्या. “सा वर्सं. एक घास तरी गोड लागला का रे?”

“न्हाई, आई.”

त्यांनी फोटोजवळचा हार उगाच सरळ केला.

“मग येत्या शनवारी ये.”

आज शनिवार. तुमच्याच घरून जेवून आलो आणि हे लिहायला बसलो. पहिल्या दोन भाकरी आईंनी न विचारता वाढल्या. तिसरी भाकरी मी मागून घेतली.

तुमचा,
ज्ञानोबा